खेळाला मान्यता मिळाली, खेळाडूचे काय?

मुनिरका या एकाच नावाखाली दक्षिण दिल्लीत दोन वस्त्या नांदतात. एक दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिकांची. तिथे माझ्यासारखे निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, बँकेतून सेवामुक्त झालेले गृहस्थ राहतात. दुसरी जुन्या मुनिरका गावाची. तिथल्या गल्ल्यांत समोरासमोरच्या इमारती वर जाता जाता एकमेकींना जवळजवळ चिकटतात आणि जेएनयूचे विद्यार्थी, ईशान्येकडील राज्यांतून आलेले तरुण, स्पर्धा परीक्षांचे उमेदवार एकेका खोलीत दोघे-तिघे राहतात. या दोन वस्त्यांच्या सीमेवर, कडुनिंबाखाली, एक इस्त्रीची टपरी आहे. इस्त्रीवाला दरभंग्याकडचा. कोळशाची इस्त्री, मागे दुमडलेल्या चादरींचा ढीग, आणि त्या ढिगाला टेकवून ठेवलेला त्याच्या मुलाचा मोबाइल.

३१ ऑक्टोबरच्या शुक्रवारी कपडे आणायला गेलो तेव्हा त्या मोबाइलभोवती सात-आठ पोरे दाटीवाटीने उभी होती. पडद्यावर कुणी टेकडीआड दबा धरून बसले होते, कुणी जीप पळवत होते, आणि हिंदीतले समालोचन क्रिकेटच्या शेवटच्या षटकासारखे चढत चालले होते. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या खेळाच्या आंतरराष्ट्रीय चषकाचा तो पहिला दिवस होता. सामने खुद्द दिल्लीत, द्वारकेच्या ‘यशोभूमी’ संमेलन केंद्रात. भारताचे आठ, दक्षिण कोरियाचे चार आणि जपानचे चार असे सोळा संघ. बक्षिसांची रक्कम एक कोटी रुपये.

इस्त्रीवाल्याने कपड्यांबरोबर एक प्लास्टिकची पिशवी माझ्या हाती दिली. ‘‘बाबूजी, हे जरा वाचून सांगा. पोराला कुणी तरी टीममध्ये घेतंय. मला सही करायला सांगितलंय.’’ पिशवीत सतरा पानांचा इंग्रजी करारनामा होता. मुलाचे वय सतरा. पानाला एक वर्ष.

हा लेख त्या सतरा पानांविषयी आहे.

आधी खेळ समजून घेऊ. चौघांचा एक संघ. असे सोळा संघ, म्हणजे ६४ खेळाडू, एका काल्पनिक बेटावर उतरतात. शस्त्रे, औषधे, वाहने तिथेच शोधायची. खेळाचे क्षेत्र दर काही मिनिटांनी आक्रसत जाते आणि सगळ्यांना एकमेकांच्या समोर आणते. शेवटपर्यंत टिकणाऱ्या संघाला दहा गुण, त्याखालच्यांना उतरत्या क्रमाने. शिवाय बाद केलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा एक गुण. म्हणजे नेम चांगला असून भागत नाही. कधी लढायचे, कधी लपायचे, पडलेल्या साथीदाराला उठवायला जायचे की त्याला सोडून पुढे सरकायचे, हे चौघांनी काही क्षणांत ठरवायचे असते. टपरीवरच्या पोरांचे वाद ऐकले तेव्हा कळले, की त्यांचे सारे भांडण नेमाविषयी नव्हतेच, निर्णयाविषयी होते. मनात आले, की बुद्धिबळही कधी काळी चतुरंग सेनेचीच नक्कल होते.

आता या खेळाची सरकारी कुंडली. मूळ खेळ ‘पबजी मोबाइल’. लडाख सीमेवरील तणावाच्या काळात, २ सप्टेंबर २०२० रोजी, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली केंद्राने ११८ अ‍ॅप रोखली. त्यांत हा खेळ होता. चिनी कंपनीकडील भारतीय वितरण काढून घेऊन कोरियाच्या ‘क्राफ्टन’ कंपनीने २ जुलै २०२१ रोजी तो नव्या नावाने भारतात आणला. २८ जुलै २०२२ रोजी तोही गुगल आणि अ‍ॅपलच्या दुकानांतून दिसेनासा झाला. मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या परीक्षेच्या अटीवर तो परतला. आता रक्ताचा रंग लाल नाही, हिरवा. ‘किल’ या शब्दाऐवजी ‘फिनिश’. अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तोच खेळ राजधानीच्या भव्य संमेलन केंद्रात आंतरराष्ट्रीय पाहुण्यांसह विराजमान.

या आदेशांच्या योग्यायोग्यतेत मी शिरत नाही. राष्ट्रीय सुरक्षेची फाइल ज्याने पाहिलेली नाही त्याने तिच्यावर शेरा मारू नये, हा नोकरीत शिकलेला धडा आहे. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. कलम ६९-अ खालील कार्यवाही २००९ च्या नियमांनुसार गोपनीय असते. कंपनीला निदान समितीसमोर बाजू मांडण्याची संधी मिळू शकते. ज्याची उपजीविका त्या खेळावर उभी आहे, त्या खेळाडूचा या प्रक्रियेत कुठेच उल्लेख नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये सौदी अरेबियातील रियाध येथे या खेळाची जागतिक निमंत्रितांची स्पर्धा झाली, तेव्हा भारतीय संघ तिथे खेळत होता आणि दोनच आठवड्यांपूर्वी मायदेशी तो खेळ दुकानातून उतरवला गेला होता. आपल्याच देशात जो खेळ नव्याने उतरवून घेता येत नाही, त्यात देशाचे नाव लावून खेळणे कसे वाटत असेल?

राज्यसंस्था या विषयाकडे दुर्लक्ष करत होती असेही नाही. २३ डिसेंबर २०२२ च्या राजपत्राने भारत सरकारचे कार्यवाटप नियम बदलले: ऑनलाइन गेमिंग इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे, आणि बहुक्रीडा स्पर्धांचा भाग असलेले ई-स्पोर्ट्स क्रीडा विभागाकडे. बाहेरच्यांना ही नोंद रूक्ष वाटेल. पण आम्हा सनदी अधिकाऱ्यांना ठाऊक असते, की कार्यवाटप नियमांत नाव येणे म्हणजे सरकारदरबारी जन्मदाखला मिळणे. मात्र जन्मतःच या मुलाचे दोन पालक ठरले, आणि दोघांच्या मधल्या जागेत कोण, हा प्रश्न उरला.

त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायदा आला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची संमती. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी, ते चालवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. या कठोरतेमागे कारण होते: सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत वर्षाला वीस हजार कोटींच्या आसपास गमावतात, असा सरकारी अंदाज सांगितला गेला. बंदी हाच त्यावरचा उपाय का, यावर मतभेद असू शकतात. कौटिल्याने जुगार बंद केला नव्हता; द्यूताध्यक्ष नेमून तो एका ठिकाणी आणला, अन्यत्र खेळणाऱ्याला दंड ठोठावला आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राजकोशात घेतले. मात्र जुगार आणि खेळ यांच्यात आजच्या कायद्याने रेघ स्वच्छ ओढली, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. चपळता, बुद्धी आणि डावपेच यांवर निकाल ठरणारी, पैज नसलेली, प्रवेशशुल्क आणि बक्षीस चालेल अशी स्पर्धा म्हणजे ई-स्पोर्ट. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा, २०२५ खाली तिला मान्यता हवी आणि प्राधिकरणाकडे नोंदणी हवी.

या कायद्याच्या नियमांचा मसुदा २ ऑक्टोबरला प्रसिद्ध झाला आणि हरकती-सूचनांची मुदत होती ३१ ऑक्टोबर. म्हणजे यशोभूमीत स्पर्धा सुरू झाली तोच दिवस. मी मसुदा वाचला, मूळ कायदा पुन्हा वाचला. ई-स्पोर्ट्सच्या कलमात मार्गदर्शक तत्त्वे आहेत, प्रशिक्षण अकादमी आहेत, संशोधन आहे, प्रोत्साहन आहे, जनजागृती आहे. त्या मुलाच्या पिशवीतील सतरा पानांचे नियमन कुठे होणार, याचे उत्तर मला तिथे मिळाले नाही.

त्या पानांत काय होते? तीन वर्षांचा करार. दरमहा मानधन, पण ‘खेळ कोणत्याही कारणाने उपलब्ध नसल्यास’ ते बंद. बक्षिसाच्या रकमेतील मोठा वाटा संघचालकांचा. मुलाच्या खेळाच्या चित्रफिती, त्याचे खेळातील टोपणनाव, त्यावर उभा राहिलेला प्रेक्षकवर्ग, सारे संघचालकांच्या मालकीचे. संघचालक सात दिवसांच्या सूचनेवर करार मोडू शकतात. मुलाला मोडायचा असेल तर दहा लाख रुपये भरावे लागतील. वाद झाल्यास लवाद दूरच्या एका शहरात, आणि लवाद नेमणार संघचालक. महिन्याला किती शर्टांना इस्त्री केली म्हणजे दहा लाख होतात, याचा हिशेब मी मनातल्या मनात केला आणि सोडून दिला.

यावर एक कायदेशीर उत्तर आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्ती करार करू शकत नाही, आणि मोहरीबीबी खटल्यात १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने असा करार मुळातच निरर्थक ठरवला. पण म्हणूनच सही बापाची मागितली जाते. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही असा बाप, ज्याला करार करता येत नाही अशा मुलाच्या वतीने, ज्या कंपनीच्या मर्जीवर खेळ चालतो तिच्याशी काहीही संबंध नसलेल्या तिसऱ्याच संस्थेशी बांधला जातो.

इथे या खेळांचे एक वेगळेपण ध्यानात घ्यावे लागते. माझ्या नोकरीची पहिली वर्षे महाराष्ट्रात गेली. तिथे खो-खो आणि हुतूतूचा इतिहास मी ज्येष्ठ संघटकांच्या तोंडून ऐकला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बांधले. हुतूतूचे नियम बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये छापून अखिल भारतीय स्पर्धा भरवली. गावागणिक वेगळा असलेला खेळ एका पुस्तिकेत आला, कबड्डी झाला आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पोहोचला. या साऱ्या प्रवासात भांडणे झाली, संघटना फुटल्या. पण कबड्डीचा मालक कुणी नव्हता. उद्या एखादी संघटना बुडाली तरी मैदानावर रेघ ओढून पोरे खेळू शकतात.

मोबाइलवरच्या या बेटाला मात्र मालक आहे. बंदुकीचा पल्ला किती, बेट केवढे, कोणी खेळायचे आणि कोणाचे खाते गोठवायचे, हे तो ठरवतो. ई-स्पोर्ट्सची पंढरी मानल्या जाणाऱ्या दक्षिण कोरियातही २०१० मध्ये हा पेच उभा राहिला होता: ‘स्टारक्राफ्ट’च्या स्पर्धा दूरचित्रवाणीवर दाखवण्याचा हक्क कोरियन ई-स्पोर्ट्स संघटनेचा, की खेळ बनवणाऱ्या अमेरिकन ब्लिझार्ड कंपनीचा? पुढच्या वर्षी तडजोड झाली, पण खेळाचा मालक कोण हे जगाला कळून चुकले. मालकाचे बळ चांगल्या कामीही येते. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत हाच पबजी मोबाइल पदकासाठी खेळला गेला तेव्हा त्याची खास आवृत्ती करण्यात आली; त्यात माणसांवर नव्हे, लक्ष्यफलकांवर नेम धरायचा होता. ऑलिम्पिक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष थॉमस बाख यांनी हिंसक खेळांना ऑलिम्पिकची दारे बंद असल्याचे २०१८ मध्येच सांगितले होते. म्हणजे वेळ आली की नियम बदलता येतात. प्रश्न एवढाच, की कुणासाठी बदलायचे.

मालकी आणि व्यासपीठ यांच्यामध्ये खेळाडू कसा चिरडला जातो याचे उदाहरण आपल्याच देशाचे आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायच्या एका आशियाई स्पर्धेत ‘काउंटर-स्ट्राइक’ या पाच जणांच्या नेमबाजीच्या खेळात उतरलेल्या भारतीय संघातील एका खेळाडूच्या संगणकावर नेम आपोआप साधून देणारी फसवी प्रणाली सापडली. सामना थांबला, संघ बाद झाला. त्या खेळाडूवर पुढे पाच वर्षांची बंदी आली आणि ती रास्तच होती. पण अमेरिकन मालकीच्या त्या संघाने आपली भारतीय तुकडीच विसर्जित केली. गुन्हा एकाचा, रोजी पाचांची गेली. उरलेल्या चौघांनी दाद मागावी असे एकही दार या देशात तेव्हा नव्हते. आजही, सात वर्षांनंतर, ते दार कोणते हे मला इस्त्रीवाल्याला सांगता आले नाही.

महाराष्ट्राच्या वाचकांना हे दूरचे वाटू नये. एप्रिल २०१९ मध्ये मुंबईच्या वरळीतील एनएससीआय डोममध्ये ‘डोटा-२’ या खेळाची तीन लाख डॉलर बक्षिसाची जागतिक स्पर्धा झाली होती. ‘व्हॅलोरंट’ या नेमबाजीच्या खेळाच्या प्रशांत विभागीय लीगमध्ये २०२३ पासून दहा भागीदार संघांत एक मुंबईचा आहे. त्याचे सामने झाले सोलमध्ये, आणि पहिल्याच मोसमात त्यात भारतीयांच्या बरोबरीने कोरियाचे आणि इंडोनेशियाचे खेळाडू घ्यावे लागले. आपल्याकडे प्रेक्षक अमाप, भांडवलही येऊ लागले आहे. टिकून राहणारा, सुरक्षित वाटणारा खेळाडू मात्र कमी आहे. ज्या व्यवसायात उद्याचा भरवसा नाही, त्यात कोणता बाप पोराला दहा वर्षे ठेवील?

कोरियाने यावर काय केले ते पाहण्याजोगे आहे. २०१२ मध्ये तिथे ई-स्पोर्ट्स प्रोत्साहनाचा कायदा झाला. तोही आपल्यासारखाच उद्योगाच्या अंगाने लिहिलेला होता. २०१९ मध्ये एका अल्पवयीन खेळाडूला दबावाखाली परदेशी संघाशी दीर्घ करार करायला लावल्याचे त्याच्याच माजी प्रशिक्षकाने उघड केले. दोन लाखांहून अधिक नागरिकांनी राष्ट्राध्यक्षांकडे अर्ज केला. २०२० मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि संस्कृती मंत्रालयाने खेळाडूंसाठी आदर्श करारनामे प्रसिद्ध केले, किशोरवयीनांसाठी वेगळा नमुना करून. अकादमीपेक्षा, अनुदानापेक्षा हे स्वस्त काम होते: काही पाने छापायची होती.

आपल्यालाही फार काही करावे लागणार नाही. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात क्रीडा न्यायाधिकरण आहे, खेळाडूंच्या समित्यांची तरतूद आहे. ई-स्पोर्टला मान्यता देताना चार अटी घालता येतील. आदर्श करारनामा, तो खेळाडूच्या भाषेत, आणि अठरा वर्षांखालील खेळाडूसाठी एक वर्षाहून अधिक बंधन नाही. बक्षिसाची रक्कम थेट खेळाडूच्या किंवा पालकाच्या खात्यात. संघातून काढणे, खाते गोठवणे, बंदी घालणे यांविरुद्ध न्यायाधिकरणाकडे अपील. आणि सरकारने खेळ रोखला तर, सुरक्षेची कारणे गोपनीय राहोत, पण चालू करारांतील खेळाडूंना ठरावीक मुदतीचे मानधन देण्याची जबाबदारी संघचालक आणि प्रकाशक कंपनीवर. जी कंपनी एक कोटीची बक्षिसे वाटू शकते, तिला ही तरतूद जड जाऊ नये.

यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे: पोरे अभ्यास सोडून बंदुका चालवतात आणि तुम्ही त्यांच्या हक्कांची भाषा करता. आक्षेप पोकळ नाही. चीनने ऑगस्ट २०२१ मध्ये अल्पवयीनांना आठवड्यात तीनच तास, तेही शुक्रवार ते रविवार रात्री आठ ते नऊ, इतकेच खेळू दिले. कोरियाने सोळा वर्षांखालील मुलांसाठी २०११ मध्ये लावलेली मध्यरात्रीची बंदी दहा वर्षांनी निरुपयोगी ठरवून मागे घेतली. मर्यादा कोणती असावी यावर वाद व्हावा. पण मर्यादा घालणे आणि वाऱ्यावर सोडणे यांत अंतर आहे.

हे अंतर मला उशिरा कळले. १९८९ च्या सुमारास मी एका तालुक्याच्या गावी उपविभागीय अधिकारी होतो. पालकांचे शिष्टमंडळ आले, आणि बसस्थानकाजवळची व्हिडीओ गेमची तीन दुकाने मी एका दुपारी बंद करवली. दुकानदारांना नोटीस दिली नाही, पोरांना तर विचारण्याचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी सत्कार झाला. नंतर कळले, की तिथे यंत्रे दुरुस्त करणारा एक पोरगा होता, सोळा-सतराचा, घरातला एकटा कमावता. त्याचे पुढे काय झाले हे मी कधी विचारले नाही. फाइल बंद झाली होती.

इस्त्रीवाल्याच्या करारनाम्यावर मी पेन्सिलीने अकरा खुणा केल्या आणि मुलाने तो संघचालकांना परत पाठवला. दोन दिवसांत एका ओळीचे उत्तर आले: हा आमचा नेहमीचा करार आहे, सगळे सही करतात, आठवड्यात कळवा. रविवारी अंतिम सामने होते. मुलगा मुनिरक्याहून मेट्रोने जनकपुरी पश्चिम, तिथून द्वारका सेक्टर २१, तिथून पुढचे एक स्थानक असे करत यशोभूमीला जाऊन आला. रात्री मी विचारले, कसे होते? तो म्हणाला, ‘‘अंकल, कोरियाचे खेळाडू सामना संपला की हात चोळत बसतात, त्यांचा फिजिओ असतो.’’ इतर काही त्याने सांगितले नाही.

आठवडा संपायला दोन दिवस आहेत. बापाने मला पुन्हा विचारले, सही करू का? मी म्हटले, नको. मग तो म्हणाला, ‘‘बाबूजी, नाही केली तर याला दुसरं कोण घेणार?’’ चौतीस वर्षे शासनाच्या वतीने प्रश्नांना उत्तरे दिलेल्या माणसाला याचे उत्तर देता आले नाही. मसुद्यावरील सूचनांची मुदत संपली आहे. तरीही मी माझे दोन पानी निवेदन दोन्ही मंत्रालयांना पाठवले आहे, आणि सोबत, नावे झाकून, ती सतरा पाने जोडली आहेत.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत. मूळ इंग्रजी लेखाचा अनुवाद.)